पिवळ्या पट्टीचा ताळा

सुवर्णा बिराजदार यांना पहिल्या तपासणीत शंभरपैकी चौदा उमजांक मिळाले. उदगीर तालुक्यातल्या गणिताच्या शिक्षकांमध्ये हा नीचांक होता. दहावीच्या गणितात पैकीच्या पैकी गुण मिळवणारी सर्वांत जास्त मुलं याच तालुक्यात वर्षानुवर्षं ज्या वर्गातून येत होती, तो वर्गही बिराजदार बाईंचाच होता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हा प्रश्न त्या आठवड्यात फारसा कुणाला पडला नाही. दुसरी गोष्ट जुनी होती. पहिली ताजी होती, आणि गाव ताज्या गोष्टीवर बोलतं.

“पोरांकडून नुसतं घोकून घेत होत्या म्हणू लालेत,” भाजीच्या गाड्यावर एका पालकानं दुसऱ्याला सांगितलं. बाई मागेच उभ्या होत्या. त्यांनी मेथीची जुडी परत ठेवली आणि गाजरं घेतली.

उमजपट्टी शाळांमध्ये येऊन तोवर चार वर्षं झाली होती. कपाळावरून कानांच्या वरपर्यंत जाणारी, दोन बोटं रुंदीची, रबरी पट्टी. तिच्यातून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश कवटीच्या आत जातो आणि थोडासा परत येतो. रक्तातल्या प्राणवायूनुसार परतीचा प्रकाश कमी-जास्त होतो, आणि त्यावरून मेंदूचा कुठला भाग त्या क्षणी राबतो आहे ते समजतं. इथपर्यंतचं तंत्र जुनंच होतं. नवा होता तो बंगळूरच्या एका प्रयोगशाळेला लागलेला शोध.

समीकरण सोडवताना माणूस पुढची पायरी दोन प्रकारांनी लिहितो. एक तर ती आठवते म्हणून, नाहीतर आधीच्या पायरीतून ती घडते म्हणून. कागदावर दोन्ही पायऱ्या सारख्याच दिसतात. डोक्यात त्या सारख्या नसतात. पायरी आठवली की मेंदूत एक छोटी उसळी येते आणि लगेच विरते. पायरी घडवायची असली तर दोन भागांना एकत्र काम करावं लागतं. एक भाग हातातल्या गोष्टी धरून ठेवतो, दुसरा त्यांचं लहान-मोठेपण तोलतो, आणि काही सेकंद दोघे एकाच लयीत चालतात. ही लय सापडली की पट्टीवरचा दिवा हिरवा होतो. नाही सापडली तर पिवळा.

पट्टीनं भलं केलंच नाही, असं म्हणता येणार नाही. ‘v = u + at’ हे सूत्र घडाघड म्हणणाऱ्या, पण ब्रेक लावल्यावर a चं काय होतं या प्रश्नावर वरच्या पंख्याकडे पाहणाऱ्या मुलांचे दिवे पिवळे पडू लागले, आणि शिक्षक तिथं थांबून पुन्हा सांगू लागले. सूत्रांच्या छोट्या पुस्तिका, ज्या परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी हमखास खपत, त्या दुकानदारांनी रद्दीत काढल्या. पहिल्या दोन वर्षांत नापासांचं प्रमाण खरोखर घसरलं.

मग आकलन मंडळाच्या एका बैठकीत कुणीतरी विचारलं, की मुलांचं कळलं, शिकवणाऱ्यांचं काय? ज्याची स्वतःची पट्टी पिवळी, तो दुसऱ्याची हिरवी कशी करणार? प्रश्न बिनतोड वाटला. पुढच्या जूनपासून नववी-दहावीच्या शिक्षकांनाही पट्टी लागली. पाठ्यपुस्तकातली एकवीस सूत्रं, प्रत्येकाखाली एक उदाहरण, आणि किमान साठ उमजांक.

मुख्याध्यापक केंद्रे सरांनी बाईंना बोलावून परिपत्रक पुढे सरकवलं.

“माझं काही म्हणणं नाही हं बाई. मी इतिहासाचा माणूस. माझ्या पानिपताला कुणी पट्टी लावत नाही.”

“दुसऱ्या तपासणीत साठ नाही आले तर?”

“दहावीचा वर्ग पडद्याकडे. पुण्याहून कुणीतरी शिकवतील, सोमवार ते शुक्रवार.”

“आणि मी?”

केंद्रे सरांनी चष्मा पुसला. “तुम्ही कुठं जाताय? शाळेतच. पोषण आहाराचं बघायला तसंही माणूस नाही आपल्याकडे.”

बाई हसल्या नाहीत. सरही विनोद करत नव्हते.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बाईंनी कोरा कागद घेतला. वर्गसमीकरणाचं सूत्र. ते कुठून येतं, हे न लिहिता सूत्र वापरू द्यायचं नाही, हा त्यांच्या वर्गाचा नियम होता. त्यांनी ax² + bx + c = 0 लिहिलं, a नं भागलं, वर्ग पूर्ण केला, मूळ काढलं. पेन एकदाही अडलं नाही. सरावासाठी शाळेनं दिलेली पट्टी कपाळावर होती. समोर टेकवलेल्या स्टीलच्या डब्याच्या झाकणात दिवा दिसत होता. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पिवळा.

त्यांना वाटलं होतं, सूत्र पाठ असेल, पण सिद्धता तरी समजलेली आहे. आता दिसलं, की सिद्धताही पाठ आहे. इतक्यांदा फळ्यावर लिहिली की हातालाच येते. मग समजलं होतं ते कधी? बी.एस्सी.ला? की पहिल्या वर्षी शिकवताना? एक विशिष्ट दिवस, एक विशिष्ट क्षण त्यांना आठवेना. कदाचित तो आलाच नसेल. तीस वर्षांत हा संशय त्यांच्या मनात आला नव्हता.

“काय झालं?” नवऱ्यानं, बसवराजांनी विचारलं. त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं आणि हाताला वार्निशचा वास असायचा.

“अहो, मला गणित येतं का?”

“मला विचारू लालीस?” बसवराज खुर्ची ओढून बसले. “सोळा वर्षांपूर्वी तू मला व्याजाचं सूत्र समजावलं होतंस. मला समजलं होतं. आता विसरलो. पण त्या दिवशी समजलं होतं, एवढं पक्कं.”

“तुम्हाला समजलं. मला समजलं होतं का?”

“न समजता समजावता येतं का?”

बाईंनी कपाळावरची पट्टी काढली. अवघड गोष्ट अशी होती, की येतं. तसं करणारे शिक्षक त्यांनी पाहिले होते.

दुसऱ्या तपासणीआधी मन्मथ पाटणे घरी आला. तो मंडळाचा तालुका तपासनीस होता, आणि त्याच्याही आधी बाईंचा विद्यार्थी. आठवीत असताना त्यानं (a + b)² म्हणजे a² + b² असं लिहिलं होतं. सलग तिसऱ्यांदा लिहिल्यावर बाईंनी त्याला पुठ्ठा आणि कात्री आणायला लावली होती.

“अजून आठवतं मला,” चहाचा कप हातात घेऊन तो म्हणाला. “मोठा चौरस कापायला लावलात. त्याच्या एका कोपऱ्यात a चा चौरस, समोरच्या कोपऱ्यात b चा. आणि म्हणालात, मन्मथ, या दोन पट्ट्या उरल्या, त्या काय कुत्र्याला घालायच्या? तेच ते दोन ab. बाई, झोपेतून उठवलं तरी चुकणार नाही मी.”

“झोपेतून उठवलं तर तुझी पट्टी काय दाखवेल?”

मन्मथनं कप खाली ठेवला. “त्याच्यासाठीच आलोय. लातूरला आता वर्ग निघालेत, हिरव्याचे. उत्तर लिहिताना मनात सतराचा पाढा उलटा म्हणायचा. एकशे सत्तर, एकशे त्रेपन्न, एकशे छत्तीस… बस. पट्टी दोन भागांची लय बघते. तुम्ही आत काय बांधताय ते तिला दिसत नाही. पाढ्याचा हिरवा दिवा सूत्राच्या नावावर जमा.”

“तू तपासनीस आहेस, मन्मथ.”

“म्हणून तर माहीत आहे. सगळे करतात बाई. अहमदपूरच्या एकाला एकाहत्तर आले. त्याला शंकूचं घनफळ विचारा, घाम फुटेल.”

“मग मंडळाला सांगत का नाहीस?”

“काय सांगू? आकडे सुधारलेत. सुधारलेल्या आकड्यांची तक्रार कोण ऐकतं?” तो उठला. दारात थांबून म्हणाला, “तुम्ही त्या खिचडीच्या पातेल्याजवळ उभ्या राहिलेल्या मला बघवणार नाही. बाकी तुमची मर्जी.”

तो गेल्यावर बाईंनी करून पाहिलं. एकशे सत्तर, एकशे त्रेपन्न. पेन दोनदा चुकलं, एका ठिकाणी चिन्ह राहिलं. डब्याच्या झाकणात दिवा हिरवा होता. एकवीस सूत्रांअखेर पट्टीनं चौसष्ट दाखवले.

“झालं की मग,” बसवराज म्हणाले. “कर की तसंच. चोरी थोडीच आहे? पाढा तर तुझाच.”

हे म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. खोट्या मापाला खोटं उत्तर दिलं तर त्यात अन्याय कुणावर? बाईंनी त्यावर विचार केला आणि बऱ्याच अंशी त्यांना ते पटलं. पट्टी त्यांनी पर्समध्ये ठेवली.

बाईंच्या वर्गात शनिवार हा चुकलेल्या गणिताचा दिवस असे. त्या फळ्यावर एक पूर्ण सोडवलेलं उदाहरण लिहीत. त्यात एक पायरी मुद्दाम चुकीची असे. मुलांनी आधी ताळा करायचा, म्हणजे आलेलं उत्तर मूळ समीकरणात परत घालून दोन्ही बाजू जुळतात का ते पाहायचं. ताळा जुळत नसे. मग शिकार सुरू होई. पुस्तकात नसलेला, कुठल्याही वेळापत्रकात न लिहिलेला हा तास बाईंनी नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी सुरू केला होता. त्याचं एक वाक्य ठरलेलं होतं, आणि वर्ग ते एका सुरात म्हणे: “ताळा जुळला नाही, पायरी कुठं चुकली ती पाही!”

पट्ट्या आल्यापासून एक गोष्ट दिसली होती. आठवडाभरात सर्वांत जास्त हिरवे दिवे शनिवारी लागत.

त्या शनिवारी बाई खडू उचलणार, एवढ्यात दुसऱ्या बाकावरून अल्फिया शेखनं हात वर केला.

“बाई, आज मी लिहू का? मी चुकलेलं गणित आणलंय.”

“मुद्दाम चुकवलंयस?”

“नाही ना. तेच तर. आपोआप चुकलंय.”

वर्ग हसला. बाईंनी तिच्या हातात खडू दिला. सराव व्हावा म्हणून त्यांनी स्वतःची पट्टी बांधलीच होती. अल्फियानं लिहिलं:

x² + x + 1 = 0
x नं भागून: x + 1 + 1/x = 0
म्हणून x + 1 = −1/x
ही किंमत पहिल्या ओळीत घालून: x² − 1/x = 0
म्हणून x³ = 1
म्हणून x = 1

“ताळा,” बाई म्हणाल्या.

“एक अधिक एक अधिक एक. तीन,” मुलं ओरडली. “तीन बरोबर शून्य!”

“भागताना x शून्य असला तर?” बाईंनी पहिल्याच संशयिताला हात घातला. तीस वर्षांत असली बहुतेक गणितं शून्यानं भागल्यामुळे चुकलेली त्यांनी पाहिली होती.

“नाही बाई. शून्य घातलं तर एक बरोबर शून्य होतं. म्हणजे x शून्य नाहीच.”

बरोबर होतं. बाई फळ्याजवळ गेल्या. विवेचक काढला: उणे तीन. म्हणजे या समीकरणाला वास्तव मुळंच नाहीत. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “मग उत्तर येणारच नव्हतं. सुटलं!”

“सुटलं कुठं?” अल्फिया म्हणाली. “उत्तर नाही हे मलाही कळलं. पण एक आला ना! चूक कुठल्या पायरीत आहे, ते सांग.”

बाईंनी दुसरी ओळ तपासली. बरोबर. तिसरी बरोबर. चौथ्या ओळीत समान किमतीच्या जागी समान किंमत घातली होती, तीही बरोबर. त्यांनी प्रत्येक ओळीखाली खडूनं बारीक खूण केली आणि शेवटी मागे सरकल्या. सगळ्या ओळींखाली बरोबरची खूण होती, आणि तीन बरोबर शून्य होतं.

तेवढ्यात कुणीतरी किंचाळलं, “बाई, तुमची पट्टी! हिरवी!”

सगळा वर्ग उठून उभा राहिला आणि टाळ्या वाजवू लागला. बाईंच्या चौदा गुणांची गोष्ट प्रत्येक घरात पोचलेली होती.

“गप्प बसा आधी,” बाई म्हणाल्या. “मला येत नाहीये, म्हणून ती हिरवी झालीय.”

टाळ्या थांबल्या. हे वाक्य त्या वर्गानं बाईंच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. बाईंनीही कधी उच्चारलं नव्हतं.

“सोमवारी सांगते,” त्या म्हणाल्या. “फळा पुसू नका.”

मुलं पांगली तरी अल्फिया दप्तर आवरत रेंगाळली.

“बाई, एक विचारू? रागवणार नाही ना?”

“विचार.”

“ट्यूशनमध्ये आम्हाला सतराचा पाढा उलटा शिकवलाय. पट्टीसाठी. बरीच जणं करतात. मला नाही जमत, मग गणितच सुटत नाही. तुम्ही पण करणार का, तुमच्या परीक्षेत?”

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. जमत असेल तर कसं करायचं ते शिकून घ्यावं, इतकाच साधा प्रश्न होता.  “उशीर होईल, जा घरी,” एवढंच त्या म्हणाल्या.

रविवारी लातूरला बसवराजांच्या पुतणीच्या लग्नाची सुपारी होती. परत येताना लातूरच्या स्टँडवर उदगीरची गाडी लागायची होती. बसवराज फलाटाच्या कठड्याला टेकून शेंगा सोलत होते. बाईंच्या डोक्यात त्या सहा ओळी फिरत होत्या.

“मघापासून कुणाला बघू लालीस एवढं?”

“त्या माणसाला. तो उदगीरचा असेल का?”

“मला काय माहीत? असंल, नसंल. इथं निलंग्याची येतात, औशाची येतात.”

“पण उदगीरहून आपण ज्या गाडीनं आलो, तिच्यातला प्रत्येक जण इथं उतरलाच ना?”

“थेट गाडी होती. उतरणारच.”

बाईंनी नवऱ्याच्या हातातल्या शेंगांकडे पाहिलं, पण त्यांना त्या दिसत नव्हत्या. उदगीरहून निघालेला प्रत्येक जण लातूरला पोचतो. म्हणून लातूरच्या स्टँडवर उभा असलेला प्रत्येक जण उदगीरहून आलेला नसतो. पहिल्या ओळीत जो x बसतो, तो शेवटच्या ओळीत नक्की पोचतो. सगळ्या पायऱ्या खऱ्याच होत्या. पण त्या जाण्याच्या पायऱ्या होत्या. परत येता येतं, असं कुठल्याच पायरीनं कबूल केलं नव्हतं. आणि विवेचक उणे तीन. म्हणजे उदगीरहून गाडी रिकामीच सुटली होती. तरी स्टँडवर एक आकडा उभा होता, आणि अल्फियानं त्याला आपला प्रवासी समजून घरी आणलं होतं.

ताळा म्हणजे त्या माणसाला विचारणं: बाबा, तू आलास कुठून?

पायरी चुकलीच नव्हती. चुकलं होतं ते शनिवारचं वाक्य, जे त्या स्वतःच वर्षानुवर्षं म्हणून घेत आल्या होत्या. पट्टी घरी राहिली होती. त्या वेळी तिनं काय दाखवलं असतं, हे पाहण्याची गरज त्यांना वाटली नाही.

“हसू कशाला लालीस?” बसवराजांनी विचारलं.

“शेंगा द्या,” बाई म्हणाल्या.

सोमवारी वर्गात हे सांगायला पाव तासही लागला नाही. रिकाम्या गाडीवर मुलं खूप हसली. शेवटी बाई अल्फियाकडे वळून म्हणाल्या, “आणि तुझ्या त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. नाही. मी नाही करणार.”

“पण मग तुम्ही…” अल्फियानं वाक्य पुरं केलं नाही.

“मग मी दिसेन तेवढीच दिसेन.”

तपासणी प्रयोगशाळेत झाली. मन्मथ टेबलापलीकडे बसला होता. त्यानं नियमाप्रमाणे ‘आपण’ म्हणत एकेक सूत्र विचारलं. बाईंनी एकेक लिहिलं, प्रत्येकाखाली उदाहरण सोडवलं आणि सवयीनं प्रत्येकाचा ताळाही केला, जो कुणी मागितला नव्हता. एकही उत्तर चुकलं नाही. गोलाच्या घनफळाच्या सूत्रावर दिवा क्षणभर हिरवा झाला आणि पुन्हा पिवळ्यावर आला. पडद्यावर आकडा आला तेव्हा मन्मथनं तो वाचला नाही, पडदाच बाईंकडे फिरवला. अकरा.

“बाई,” तो हळू आवाजात म्हणाला, “एक फेरी अजून देता येते. तांत्रिक बिघाड म्हणून. सतराचा—”

“सतराचा मला सरळसुद्धा येतो, मन्मथ.”

“मग ऐकत का नाही?”

“त्या वर्गात एक मुलगी आहे. तिला तो उलटा म्हणता म्हणता गणित सुटत नाही. तिचं बरोबर आहे. मी साठ घेऊन वर्गात गेले तर तिला काय सांगू?”

मन्मथ टेबलावरच्या वायरी गुंडाळू लागला. “तुम्हाला समजतं, हे मला माहीत आहे. पण माहीत आहे, असा रकाना नाही.”

“समजतं हे तुला कसं माहीत?”

“मला समजलंय ना तुमच्याकडून.”

“तो पुरावा नव्हे,” बाई म्हणाल्या. “पण जवळ आलास.” आणि मग त्यांनी त्याला लातूरच्या स्टँडची गोष्ट सांगितली.

आदेश आठवड्याभरात आला. दहावीचे तास पडद्याकडे गेले. पुण्याच्या शिक्षिका चांगल्या होत्या, आवाज स्पष्ट होता, अक्षर वळणदार होतं. बाई सकाळी तांदूळ मोजून देत, दुपारी पातेल्यांजवळ उभ्या राहत. पडद्याच्या खोलीवरून जाताना त्या झपझप पावलं उचलत. रांगेतली मुलं ताट पुढे करून विचारत, “बाई, तुम्ही परत कधी?” आणि बाई म्हणत, “आमटी घे. सांडू नकोस.”

पडद्याचा करार सोमवार ते शुक्रवारचा होता. शनिवारच्या त्या तासाचा कुठल्याच कागदावर उल्लेख नव्हता, त्यामुळे आदेशातही तो नव्हता. केंद्रे सरांनी परिपत्रक दोनदा वाचलं आणि म्हणाले, “जे नाहीच, ते बंद कसं करणार?” शनिवारी बाई वर्गावर गेल्या. जुनं वाक्य त्यांनी काढून टाकलं होतं. नवं अजून सुचलं नव्हतं.

तिसऱ्या शनिवारी मन्मथ आला. “मी पण एक चुकलेलं गणित आणलंय,” तो म्हणाला, आणि परवानगीची वाट न पाहता खडू घेऊन लिहू लागला. अक्षर अजून आठवीतलंच होतं, उजवीकडे चढत जाणारं.

जो न समजता पाठ करतो, त्याची पट्टी पिवळी होते.
बिराजदार बाईंची पट्टी पिवळी झाली.
म्हणून बिराजदार बाईंना समजत नाही.

“चूक शोधा,” तो मुलांना म्हणाला.

बाई खिडकीजवळ उभ्या होत्या. त्यांनी काही सुचवलं नाही. मुलांच्या कपाळांवर एकामागून एक हिरवे दिवे लागत गेले.

“पहिली ओळ खरी आहे,” एक जण म्हणाला.

“दुसरीपण. आपण आकडा ऐकलाय.”

“सर,” अल्फिया उठली, “हे तर लातूरचं स्टँड झालं!”

हशा उसळला. मन्मथही हसला, मग त्यानं बाईंकडे पाहिलं. आठवीतला मुलगा वही तपासून घेताना पाहतो तसं.

“आणि ताळा?” बाईंनी विचारलं.

“करतो ना.” त्यानं बॅगेतून मंडळाची पट्टी काढली, शाळेची नव्हे, आणि स्वतःच्या कपाळावर बांधली. तपासनीसाची स्वतःची नोंद साठाखाली गेली तर त्याचं तपासणीचं काम जातं, हा नियम मुलांना ठाऊक नव्हता. बाईंना होता.

“मन्मथ,” त्या म्हणाल्या, “विचार करून.”

“विचार करूनच आलोय. सोमवारी जिल्ह्याची बैठक आहे. बोललं तर ऐकणार नाहीत, नोंद असली तर बघावीच लागेल. विचारा बाई. तेच विचारा.”

बाईंनी खडू ठेवला. “a अधिक b, कंसाचा वर्ग?”

“a वर्ग अधिक दोन ab अधिक b वर्ग,” मन्मथ म्हणाला. एका श्वासात, न अडखळता. “आणि ते दोन ab म्हणजे कोपऱ्यांत उरलेल्या दोन पट्ट्या.”

दिवा पिवळा होता. शब्द संपले तरी पिवळाच राहिला.

“पण सरांना तर समजतंय!” मागचा मुलगा म्हणाला.

मन्मथनं हात वर नेला, कानाजवळचं नोंदीचं बटण चाचपडून शोधलं आणि दाबलं.